पोकळीच्या भिंती

छत्रपती संभाजीनगरची ओळख करून देताना कुणी वेरूळ-अजिंठ्यापासून सुरुवात करतो, कुणी बीबी का मकबऱ्यापासून, कुणी हिमरूपासून. उद्योगांचा विषय निघाला तर वाळूजच्या बजाजचं नाव पहिलं येतं. पण या शहरात काचही बनते, आणि ती माणसाने आजवर घडवलेल्या सर्वांत शुद्ध पदार्थांपैकी एक आहे, हे मला इथे अर्धं आयुष्य काढलेल्या माणसांनाही सांगावं लागतं. वाळूज आणि शेंद्रा इथल्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत सिलिकॉनच्या संयुगापासून काचेचा दांडा आणि त्या दांड्यापासून केसाएवढा तंतू, असा सगळा प्रवास होतो. आपल्या घरात इंटरनेट येतं ते याच जातीच्या तंतूंमधून.

या दांड्याला कारखान्यात प्रीफॉर्म म्हणतात. त्याचं गणित एकदा कागदावर करून पाहावं. समजा दांडा १५० मिलिमीटर जाड आणि मीटरभर लांब आहे. त्यातून ओढायचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे दांड्यापेक्षा १,२०० पटींनी बारीक. जाडी १,२०० पटींनी घटली की लांबी १,२०० गुणिले १,२०० पटींनी वाढते. एका मीटरच्या दांड्यातून १,४४० किलोमीटर तंतू निघतो. इथून निघून दिल्ली ओलांडून पुढे जाईल इतका. उंच मनोऱ्याच्या माथ्यावर साधारण २,००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दांड्याचं खालचं टोक मऊ होतं, थेंबासारखं ओघळतं आणि त्यामागून तंतू सुटतो. खाली येईपर्यंत तो थंड होतो, त्यावर रेझिनचा लेप चढतो आणि मिनिटाला हजारो मीटरच्या वेगाने तो रिळावर गुंडाळला जातो. एवढ्या धावपळीत त्याची जाडी मायक्रॉनच्या अंशांपर्यंत सांभाळावी लागते.

मला मात्र मनोऱ्यापेक्षा त्याआधीचा टप्पा जास्त महत्त्वाचा वाटतो. ही काच वाळू वितळवून केलेली नसते. वाळूत लोह असतं, तांबं असतं, आणि काचेत त्यांचे अब्जातले काही कण उरले तरी प्रकाश वाटेतच शोषला जातो. म्हणून सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव घेतात, त्याची वाफ करतात आणि प्रचंड उष्णतेत ऑक्सिजनशी तिचा संयोग घडवतात. वाफ होताना धातूंची घाण मागे राहते. जे बनतं ते काचेची पांढरी काजळी. ती थरावर थर बसत जाते, प्रत्येक थरात थोडं जर्मेनियम कमी-जास्त करून काचेचा अपवर्तनांक हवा तसा ठेवतात, मग क्लोरीनच्या वातावरणात तापवून तिच्यातला पाण्याचा अंश घालवतात आणि शेवटी ती सांधून पारदर्शक करतात. पाण्याचा अंश राहिला तर १,३८३ नॅनोमीटरच्या तरंगलांबीला प्रकाश गिळला जातो. थोडक्यात, या शहराला वायूपासून काच वाढवता येते, आणि कोणता थर किती जाड ठेवायचा हे ठरवून वाढवता येते. या लेखात पुढे जे सांगायचं आहे ते सगळं या कौशल्यावर उभं आहे.

चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ मध्ये मांडलं होतं की काच पुरेशी शुद्ध केली तर किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी नुकसान शक्य आहे. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एकच भाग पोहोचतो. त्या वेळी तेवढंही अशक्य वाटत होतं. १९७० मध्ये कॉर्निंगच्या तिघा संशोधकांनी तो टप्पा ओलांडला. काओंना त्या कामासाठी २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज वापरातल्या साध्या फायबरमध्ये १,५५० नॅनोमीटरला हे नुकसान किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असतं. पंधरा किलोमीटर गेल्यावर प्रकाश निम्मा होतो. तिथून पुढे गाडी अडते. काच थिजताना तिची घनता जागोजागी सूक्ष्म फरकाने गोठते आणि त्या फरकांवर प्रकाश विखुरतो. कितीही शुद्धीकरण करा, तो विखुरणारच. शिवाय काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सुमारे दोन लाखांवर येतो. इथून मुंबईपर्यंत साडेतीनशे किलोमीटरची वाट धरली तर काचेतून जायला साधारण १.७ मिलिसेकंद लागतात, हवेतून १.१७. अर्ध्या मिलिसेकंदाचा हा फरक घरी सिनेमा पाहणाऱ्याला जाणवणार नाही. पण शेअर बाजाराच्या संगणकांना आणि एकाच कामावर जुंपलेल्या दोन दूरच्या डेटा सेंटरना तो जाणवतो.

मग काचच काढून टाकली तर? प्रकाश हवेतूनच नेला तर?

मराठवाड्यात हे एका ठिकाणी मोठ्या आकारात होणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून जाणारी लेसरची शलाका, असं तिचं रूप आहे. पण तिथे नळीची भिंत प्रकाशाला सांभाळत नाही. शलाका काही सेंटिमीटर रुंद असते, आणि रुंद शलाका पसरते हळू. चार किलोमीटर ती स्वतःच्या बळावर सरळ जाते.

हवेतली अशीच वाट सिलिकॉनच्या चिपवर करायची म्हटली तर ती चैन नाही. शलाका जेवढी बारीक, तेवढी ती लवकर फाकते. पाच मायक्रॉन रुंदीचा अवरक्त किरण मोकळ्या हवेत सोडला तर बारा-तेरा मायक्रॉन जाईपर्यंतच तो फाकायला लागतो आणि एक मिलिमीटरवर त्याची रुंदी चारशे मायक्रॉनच्या घरात जाते, म्हणजे मूळच्या ऐंशी पट. तेव्हा भिंत हवीच. आणि नेहमीची काचेची भिंत इथे कामाची नाही. साध्या फायबरमध्ये गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून प्रकाश सीमेवरून पूर्णपणे परावर्तित होऊन आतच राहतो. गाभ्यात हवा भरली की हा क्रम उलटतो. आत १, बाहेर १.४४. प्रत्येक धडकेला थोडा प्रकाश भिंतीत शिरतो आणि निघून जातो.

पोकळ नळीतून तरंग नेण्याची कल्पना जुनी आहे, आणि तिच्या सुरुवातीला आपलं एक नाव आहे. जगदीशचंद्र बोस १८९०च्या दशकात कलकत्त्यात मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांवर प्रयोग करत होते, तेव्हा त्यांनी पोकळ नळ्या वापरल्या होत्या. लॉर्ड रॅले यांनी अशा नळ्यांचं गणित १८९७ मध्ये मांडलं. प्रकाशासाठी ते गणित १९६४ मध्ये बेल लॅब्जच्या मार्कातिली आणि श्मेल्ट्झर यांनी केलं. त्यांचा निष्कर्ष चिपवाल्यांच्या मानगुटीवर आजही बसलेला आहे: साध्या पोकळ काचनळीत प्रकाशाची गळती नळीच्या रुंदीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. रुंदी निम्मी केली की गळती आठपट. तीस मायक्रॉनची नळी पाच मायक्रॉनवर आणली तर गळती दोनशे सोळा पट.

यातून वाट निघाली ती भिंत जाड करून नाही, पातळ करून. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा तवंग रंगीत दिसतो तो त्याच्या पातळपणामुळे. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले किरण एकमेकांना भेटतात. काही रंगांना ते बळ देतात, काहींना मारतात. काचेची भिंत तशीच नेमकी पातळ केली, तर तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून आत परतणारे तरंग एकमेकांना बळ देतात आणि बाहेर निसटणारे एकमेकांना मारतात. भिंतीत प्रकाशाला ठाव मिळत नाही, म्हणून तो पोकळीतच राहतो. याला प्रतिअनुनाद म्हणतात. भिंत किती पातळ हवी, ते अकरावीच्या विद्यार्थ्यालाही काढता येईल. भिंतीच्या अपवर्तनांकाचा वर्ग घ्या, त्यातून एक वजा करा, वर्गमूळ काढा, चारने गुणा आणि तरंगलांबीला त्याने भागा. १,५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी काचेची भिंत साधारण ३७० नॅनोमीटर येते. तिची तिप्पट, पाचपट जाडीही चालते; दुप्पट, चौपट चालत नाही, कारण तिथे भिंत अनुनादात येते आणि प्रकाश ओढून घेते.

ही युक्ती आधी चिपवर सुचली, फायबरमध्ये नंतर आली, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. १९८६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मिशेल दुगे, कोकुबुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर काचेचा मार्ग केला. सिलिकॉनचा अपवर्तनांक काचेपेक्षा खूप जास्त, म्हणून प्रकाश खाली चकतीत झिरपून जायचा. त्यांनी मध्ये एक नेमका पातळ थर घातला आणि प्रतिअनुनादाने तो झिरपा थांबवला. फायबरच्या जगात फिलिप रसेल यांनी १९९१च्या सुमारास पोकळ गाभ्याची कल्पना धरली, १९९९ मध्ये त्यांच्या गटाने हवेतून प्रकाश नेणारं फायबर दाखवलं. पण पोकळीभोवतीची त्याची जाळी वेगळ्या तत्त्वावर होती. २००२ मध्ये नतालिया लिचिनित्सर आणि सहकाऱ्यांनी असे फायबर प्रतिअनुनादाच्या नजरेने कसे समजून घेता येतात ते मांडलं. पुढे साउदॅम्प्टनमध्ये फ्रान्चेस्को पोलेत्ती यांनी २०१४ मध्ये नळीच्या आत नळी अशी रचना सुचवली. त्यातून लुमेनिसिटी ही कंपनी वाढली, डिसेंबर २०२२ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली, आणि २०२५ मध्ये त्या गटाने किलोमीटरमागे ०.०९१ डेसिबल एवढं कमी नुकसान जाहीर केलं. निम्मा प्रकाश आता पंधराऐवजी तेहेतीस किलोमीटरवर उरतो. काच सुमारे चाळीस वर्षं जिथे अडली होती, तो उंबरा हवेने ओलांडला. मायक्रोसॉफ्टने २०२४च्या अखेरीस असं १५,००० किलोमीटर फायबर दोन वर्षांत टाकण्याचं जाहीर केलं होतं.

जालना रोडला रस्त्याकडेला चेंबर उघडून फायबर जोडणारी पोरं दिसली की मी थांबतो. हे काम पाहण्यासारखं असतं. आधी तंतूवरचा रंगीत लेप सोलायचा, तेव्हा २५० मायक्रॉनचा १२५ होतो. अल्कोहोल लावलेल्या टिश्यूने पुसायचा. क्लीव्हरमध्ये ठेवून नेमका काटकोनात तोडायचा. मग दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर. छोट्या पडद्यावर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात, मोटरने हळूहळू एका रेषेत येतात, ठिणगी पडते आणि खांब एक होतात. पडद्यावर आकडा उमटतो, ०.०१ नाहीतर ०.०२ डेसिबल. त्यावर स्लीव्ह चढवून गरम केली की जोड पक्का. तुटलेला बारीक तुकडा काळजीपूर्वक डबीत टाकतात, कारण बोटात घुसला तर दिसत नाही.

याच मशीनमध्ये पोकळ फायबर ठेवलं तर नेहमीच्या ठिणगीने आतल्या कागदाहूनही पातळ नळ्या वितळून बसतील. ठिणगी मंद आणि थोडी बाजूला पाडावी लागते. उघडं टोक ठेवून चालत नाही, आत दमट हवा आणि धूळ शिरते. आणि घन फायबरला पोकळ फायबर जोडलं की काच संपून हवा सुरू होते तिथे साडेतीन टक्के प्रकाश मागे फिरतो, त्यासाठी वेगळा लेप लागतो. म्हणजे पोकळ फायबर येईल तेव्हा रस्त्यावरच्या या कारागिरीलाही नव्याने शिकावं लागेल.

आता चिपकडे वळू. फायबरमध्ये पोकळी करणं त्यातल्या त्यात सोपं आहे. नळ्या रचायच्या आणि ओढायच्या, आतल्या हवेचा दाब सांभाळायचा. चिपवर सगळं सपाट चकतीवर, थराथराने करायचं असतं. चकतीवर हवेचा थर कसा अंथरणार? कॅलिफोर्नियात सांताक्रूझचे होल्गर श्मिट आणि युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे ॲरन हॉकिन्स यांनी गेल्या दोन दशकांत याचं जे तंत्र बसवलं, ते ओतीव मूर्तीच्या कारागिरांना लगेच कळेल. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, मेण वितळवून काढून टाकायचं, आत पोकळी उरते. मूर्तिकार त्या पोकळीत धातू ओततो. इथे पोकळी तशीच ठेवायची असते, आणि प्रकाश तिच्यातून जाणार असल्याने लेपाच्या आतल्या पृष्ठभागाला फार महत्त्व येतं.

कृती अशी. चार इंची सिलिकॉनची चकती घ्यायची. तिच्यावर सिलिकॉन ऑक्साइड आणि सिलिकॉन नायट्राइड यांचे थर आलटून पालटून चढवायचे, तीन जोड्या म्हणजे सहा थर. हे थरही वायूपासूनच वाढतात. सिलेन वायूबरोबर नायट्रस ऑक्साइड सोडला की ऑक्साइड, अमोनिया सोडला की नायट्राइड. प्लाझ्मा पेटवल्याने २५०-३०० अंशांत काम भागतं. लाल हीलियम-निऑन लेसरसाठी, म्हणजे ६३३ नॅनोमीटरला, नायट्राइडचा अपवर्तनांक २.०५ धरला तर वरच्याच सूत्राने थर ८८ नॅनोमीटर येतो किंवा त्याच्या तिप्पट, २६५. ऑक्साइडचा १४९ किंवा ४४६. प्रतिअनुनादाचा पट्टा चांगला रुंद असतो, त्यामुळे थर चार-दोन नॅनोमीटर इकडेतिकडे झाला तरी निभावतं. अनुनादावर चालणाऱ्या उपकरणांना ही सवलत नसते.

सहा थर झाले की चकतीवर एसयू-८ नावाचा प्रकाशसंवेदी रेझिस्ट ओतून चकती गरगर फिरवतात. पाच मायक्रॉनचा एकसारखा थर बसतो. मास्कमधून अतिनील प्रकाश टाकून धुतलं की हव्या त्या ठिकाणी बारा मायक्रॉन रुंद, पाच मायक्रॉन उंच अशी पट्टी उरते. हेच आपलं मेण. पट्टीवर पुन्हा थर चढवायचे आणि सर्वांत वर काही मायक्रॉन जाड ऑक्साइड, छताला बळकटी म्हणून. इथे एक अडचण येते जी कागदावरच्या गणितात दिसत नाही. प्लाझ्मातून पडणारा थर माथ्यावर जाड बसतो, बाजूच्या उभ्या भिंतीवर पातळ. माथ्याची जाडी नेमकी ठेवली तर बाजू बिघडते. म्हणून हे गुणोत्तर आधी आपल्याच यंत्रावर मोजून घ्यावं लागतं, आणि माथ्यावरचा थर एका विषम पटीत, बाजूचा दुसऱ्या, असा मेळ बसवावा लागतो. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा इथे उपयोगी पडत नाही.

मग येतं ते सगळ्यांत धीराचं काम. पट्टीची दोन टोकं उघडी करायची आणि चिप गरम आम्लात ठेवायची. गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं हे मिश्रण सेंद्रिय पदार्थ खाऊन टाकतं. पण नळीची लांबी सेंटिमीटरभर आणि तोंड केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं. आम्ल आत जायला आणि विरघळलेला रेझिस्ट बाहेर यायला तोच एक रस्ता. जितकं आत जावं तितका वेग मंदावतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर गाभ्यात एक सीमारेषा दिसते, दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकणारी. ही सरकण दिवसांत मोजतात. आम्ल बदलत राहावं लागतं, कारण पेरॉक्साइड फुटून जातं. बुडबुडे अडकतात. आत वायूचा दाब वाढला की छताला तडा जातो. थरांमध्ये मुळातला ताण असतो, आणि आतला आधार निघाला की छत फुगतं किंवा कोपऱ्यात चिरतं. कोपरा हाच कच्चा दुवा म्हणून काही जण पट्टी तापवून तिला कमानीसारखा गोल माथा देतात. कमान भार पेलते हे स्थापत्याला हजारो वर्षं ठाऊक आहे. ती पाच मायक्रॉनवरही पेलते.

एवढं करून पदरात काय पडतं? चिपवरच्या अशा नळीत सेंटिमीटरमागे काही डेसिबल नुकसान होतं. फायबरच्या किलोमीटरमागच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवला तर लाज वाटावी. पण तुलनाच चुकीची आहे. चिपवरची वाट सेंटिमीटरभरच असते. चार डेसिबल गेले तरी चाळीस टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो, आणि काम तेवढ्यावर भागतं. लांबचा पल्ला हे या नळीचं कामच नव्हे. तिचं काम असं की प्रकाश जिथून जातो तिथेच आपल्याला तपासायचा पदार्थ भरता येतो. घन काचेत प्रकाशाचं फक्त निसटतं शेपूट बाहेरच्या द्रवाला शिवतं. पोकळ नळीत द्रव आणि प्रकाश एकाच जागी असतात, तेही सगळ्या लांबीभर.

श्मिट आणि हॉकिन्स यांच्या गटांनी याच नळीत पाणी भरून तिच्यातून विषाणू एकेक करून नेले. नळीला आडवी छेदणारी दुसरी, घन काचेची वाट त्याच चिपवर केली. तिच्यातून येणारा लेसर ज्या बिंदूवर नळी ओलांडतो, तिथे चमक असलेला रेणू आला की क्षणभर उजेड पडतो आणि तो नळीतूनच शोधकापर्यंत पोहोचतो. २०१५ मध्ये त्यांनी इबोला विषाणूचा आरएनए या पद्धतीने ओळखला, तोही पीसीआरसारखी वाढ न करता. साथीच्या दिवसांत घाटी रुग्णालयाबाहेर अहवालाची वाट पाहत उभ्या असलेल्या नातेवाइकांना पाहिलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको. २०१० मध्ये त्यांनीच नळीत रुबिडियमची वाफ भरून चिपवर प्रकाशाचा वेग हजारपटीहून अधिक मंदावला होता. जर्मनीत येना इथे मार्कुस श्मिट यांच्या गटाने नळीची भिंतच सोडून दिली. चिपवर थ्री-डी लेखनाने पॉलिमरच्या बारीक काड्या पोकळीभोवती पिंजऱ्यासारख्या उभ्या केल्या. प्रकाश पिंजऱ्यात राहतो आणि वायू काड्यांमधल्या फटींतून झटकन आत येतो. आम्लाच्या वाटेची प्रतीक्षाच संपली. मला स्वतःला वायुमापनासाठी ही वाट जास्त आशेची वाटते. द्रवासाठी मात्र जुनी नळीच बरी, कारण तिच्यात नमुना बंद राहतो.

हे सगळं कॅलिफोर्निया, युटा, येनाचं झालं. संभाजीनगरचा यात कुठे संबंध येतो, असं कुणी विचारेल. माझं म्हणणं असं की तो आहेच, फक्त आपण मोजलेला नाही. इथे सिलिकॉन चिपचा कारखाना नाही, क्लीनरूम उभारायला शेकडो कोटी लागतात, हे खरं. पण पोकळ नळीचं काम तीन तुकड्यांत होतं: आराखडा, घडण, मोजणी. यातला मधला तुकडाच महागडा आहे. आराखड्याला सूत्र आणि संगणक लागतो. मीपसारखी मोफत सॉफ्टवेअर आहेत, साध्या लॅपटॉपवर चालतात. थरांची गणितं तर वहीतही होतात. मोजणीला लेसर, सूक्ष्मदर्शक, कॅमेरा, फायबर धरून हलवणारी टेबलं आणि शांत खोली लागते. १९६०पासून चाललेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, आणि विद्यापीठाच्याच आवारात असलेली नाइलिट ही इलेक्ट्रॉनिक्सची केंद्रीय संस्था यांच्या आवाक्यातलं हे काम आहे. आणि फायबर कसं तोडायचं, पुसायचं, रेषेत आणायचं, लॉस कसा मोजायचा हे जाणणारे हात या शहरात वाळूज-शेंद्र्याला रोज पाळीवर जातात. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी ही माणसं सापडत नाहीत.

राहिला मधला तुकडा. आयआयटी मुंबईत २००६पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. तिथे थर चढवणारी, मास्क उमटवणारी, खोदणारी सगळी यंत्रं आहेत. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने २००८ मध्ये एक योजना सुरू केली, इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम. तिचा हेतूच हा की ज्या कॉलेजात क्लीनरूम नाही तिथल्या विद्यार्थ्या-प्राध्यापकांनी मुंबई-बेंगळुरूच्या क्लीनरूममध्ये यावं, शिकावं, आपली चिप करून घ्यावी. पुढे आणखी आयआयटी त्यात आल्या. प्रस्ताव लिहावा लागतो, प्रशिक्षण घ्यावं लागतं, रांगेत थांबावं लागतं. पण दार उघडं आहे. रात्री देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई. मराठवाड्यातून असे प्रस्ताव ढिगाने जायला हवेत, आणि पोकळ नळी हा त्यासाठी अगदी नेमका विषय आहे. त्याला ट्रान्झिस्टरसारखी नॅनोमीटरची छपाई लागत नाही. पाच-बारा मायक्रॉनची पट्टी जुन्या मास्क अलायनरवरही उमटते. सगळा कस थरांच्या जाडीत लागतो.

उद्योगाचाही यात स्वार्थ आहे. स्टरलाइटने एकाच तंतूत चार गाभे घातलेलं फायबर आणलं आहे, नेहमीच्या २५०ऐवजी १८० मायक्रॉनचं बारीक फायबर केलं आहे. म्हणजे काचेच्या चौकटीत जेवढं पुढे जाता येईल तेवढं चाललं आहे. पोकळ फायबर ही त्या चौकटीबाहेरची झेप आहे, आणि ती जमवायला प्रतिअनुनादाची भाषा बोलणारे अभियंते लागतील. ते तयार होण्याचं सर्वांत स्वस्त ठिकाण म्हणजे चिपवरची सेंटिमीटरभर नळी. फायबरचा मनोरा प्रयोगासाठी विद्यार्थ्याच्या हाती कुणी देणार नाही, चार इंची चकती देईल.

कुणी खरोखर सुरुवात करायची म्हटली तर पहिल्या मास्कवर फार हौस करू नये. सरळ नळ्या ठेवाव्यात. रुंदी आठ, बारा आणि वीस मायक्रॉन, प्रत्येकीची लांबी दोन, चार, सहा आणि आठ मिलिमीटर. शेजारी एक कोरी पट्टी फक्त थरांची जाडी मोजायला, तिचा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली माथा आणि बाजू यांचं गुणोत्तर काढायला. लांबी कमी ठेवली की आम्लाचं कामही लवकर आटोपतं आणि कुठे बिघडलं ते कळतं. चिप परत आली की एका टोकाने लाल लेसर सोडावा आणि खोलीतले दिवे घालवून वरून कॅमेऱ्याने दीर्घ उघडझापीचा फोटो घ्यावा. भिंतीच्या खडबडीतपणावर थोडा प्रकाश विखुरतो, त्यामुळे नळी लाल रेषेसारखी दिसते आणि पुढे पुढे फिकी होत जाते. तिची तीव्रता लॉगच्या कागदावर मांडली की सरळ रेष यायला हवी. वाकडी आली तर नळीत रेझिस्टचा अवशेष आहे किंवा छताला तडा आहे. सरळ आली तर तिचा उतार म्हणजे त्या रुंदीचा लॉस. तिन्ही रुंदींचे उतार शेजारी ठेवून घनाचा नियम कितपत पाळला जातो ते पाहावं, आणि दुसऱ्या मास्कवर कोणती रुंदी घ्यायची ते त्यावरून ठरवावं.